टेबलावर टेस्टिंग करताना ब्लूटूथ सेन्सरची पॅकेटं गळतात, रेडिओचा गोंगाट कमी कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की सेन्सर दर १०० मिलीसेकंदाला एक पॅकेट सोडतो, घरी सगळी येतात, ऑफिसच्या टेबलावर तिसरा हिस्सा गायब होतो, आणि शिल्डेड रूमसाठी (बाहेरच्या रेडिओ लहरी अडवणारी खोली) पैसे नाहीत. पैसे आमच्याकडेही नव्हते. पण आधी शेजारच्यांच्या वायफायला शिव्या घालू नका, आधी स्वतःचं टेबल बघा.

मी दोन आठवडे बाजूच्या ऑफिसच्या राउटरवर खापर फोडत होतो. शेवटी एकदा रात्री अकरापर्यंत थांबून टेस्ट घेतली, अख्खा मजला रिकामा, तरी पॅकेटं तेवढीच गळतायत. कंटाळून घरी निघायचं म्हणून लॅपटॉपला लावलेली बॅकअपची हार्ड डिस्क काढली आणि स्क्रीनवरचा आकडा एकदम चढायला लागला! रिसीव्हरचा डोंगल, म्हणजे पॅकेटं पकडणारी यूएसबीची छोटी कांडी, तिच्याच शेजारच्या पोर्टात होता ना. यूएसबी ३.० चा डेटा ५ गिगाबिटच्या वेगानं पळतो आणि त्याचा गोंगाट नेमका ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, इंटेलनं २०१२ मध्येच यावर पेपर काढलेला आहे, मला पत्ताच नव्हता. उपाय काय तर एक-दीड मीटरची साधी यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन केबल घ्यायची आणि डोंगल लॅपटॉपपासून लांब न्यायचा. तेवढ्यात निम्मं काम झालं. राहिलेला गोंगाट बराचसा स्वस्तातल्या चार्जरचा होता, सेन्सरचा बोर्ड बॅटरीवर घेतला की तोही गेला.

आता दुसरी शंका, जी गोंगाटाची नाहीच. रिसीव्हरची स्कॅन विंडो, म्हणजे प्रत्येक फेरीत (इंटरव्हल) तो किती वेळ ऐकतो, ती किती ठेवलीय? इंटरव्हल १०० मिलीसेकंद आणि विंडो ३० असेल तर रिसीव्हर ७० टक्के वेळ कान बंद करून बसलाय, पॅकेटं गळणारच. आणि गेटवे (पॅकेटं घेऊन पुढे नेटवर पाठवणारा बोर्ड) ईएसपी३२ या चिपचा असेल आणि त्यावर वायफायही चालू असेल तर रेडिओ एकच असतो, तो दोन्हीकडे आळीपाळीनं बघतो. घरी वायफाय बंद ठेवून टेस्ट केली होती का, हे आठवून बघा.

हे सगळं करूनही गळत असेल तर मग वायफाय. सेन्सर अशी जाहिरातीची (ॲडव्हर्टायझिंग, म्हणजे जोडणी न करता सगळ्यांसाठी सोडलेली) पॅकेटं ब्लूटूथच्या ३७, ३८, ३९ या तीनच चॅनेलवर सोडतो, म्हणजे २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. वायफाय त्याच्या स्वतःच्या १, ६, ११ या चॅनेलवर असेल तर ही तिन्ही बऱ्यापैकी फटीत किंवा कडेला पडतात, ते मुद्दामच तसं ठेवलंय. पण कोणीतरी राउटर ३ किंवा ४ वर टाकला की ३८ मेलाच, आणि १३ वर टाकला की ३९. तर ऑफिसच्या राउटरला २.४ वर २० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवायला सांगा आणि लोकांना ५ गिगाहर्ट्झवर ढकला. (मायक्रोवेव्ह ओव्हन पॅन्ट्रीत असेल तर जेवणाच्या सुट्टीत टेस्ट घेऊ नका, तोही २.४५ वरच चालतो.)

आणि शिल्डेड रूमच्या जागी डबा. आमच्याकडे घरून आणलेला फराळाचा स्टीलचा डबा आहे. पहिल्यांदा त्यात फोन ठेवला, झाकण लावलं, मिस कॉल दिला, आतून रिंग वाजली. झाकण आणि डबा यांच्यामध्ये फट होती. २.४ ला लहर साधारण १२ सेंटिमीटरची, त्यामुळं दोन-तीन सेंटिमीटरची लांबट फटसुद्धा पुरते बाहेर पडायला. कडेनं तांब्याची टेप लावली, रिंग बंद. मग मी शहाणपणा करून भोकातून सिरीयलची (बोर्डावरचे आकडे लॅपटॉपवर वाचायची) वायर बाहेर काढली आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं, कारण ती वायरच अँटेना झाली. तेव्हा आत बॅटरी ठेवा, पॅकेट मोजणं आतल्याच रिसीव्हरच्या मेमरीत करा आणि डबा उघडल्यावर वाचा. आत भिंतींवरून सिग्नल परत येतो, म्हणून डब्यात रेंज मोजायला जाऊ नका, फक्त फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्रॅम) तपासा.

रेंजसाठी बोर्डवर छोटं अँटेना कनेक्टर असेल तर दोन्ही बोर्ड केबलनं जोडून मध्ये ३० डीबीचे दोन अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारे तुकडे) टाका. मिळून ६० डीबीची घट म्हणजे २.४ ला मोकळ्या मैदानात साधारण १० मीटरचं अंतर, टेबल न सोडता. एकच खातरजमा करायची, पाठवणाऱ्या बोर्डाकडची केबल काढून त्याच्या कनेक्टरवर ५० ओहमची टोपी (सिग्नल आतच जिरवणारी) लावायची. तरीही पॅकेटं येत असतील तर ती केबलमधून नाही, हवेतूनच येत होती आणि तुमचे सगळे आकडे फुकट गेले.

आधी डोंगल लांब करून आणि स्कॅन विंडो बघून ५ मिनिटं मोजा, पॅकेटमध्ये अनुक्रमांक टाकला नसेल तर तोही टाका म्हणजे किती गळली ते नेमकं कळेल, आणि आकडा इथंच खाली लिहा, मग पुढचं बघू.