भाडे सुचवणाऱ्या अल्गोरिदमवर नियंत्रण हवे, पण नेमके कशावर?

नागपूरच्या मनीषनगरमधील आपल्या घरमालकांनी घरांच्या जाहिराती देणाऱ्या एका पोर्टलवरचे ‘सुचवलेले भाडे’ दाखवून नव्या करारात वाढ मागितली, आणि अमेरिकेप्रमाणे आपल्याकडेही अशा अल्गोरिदमवर बंदी का नसावी, असे आपण विचारले आहे. मी नियंत्रणाच्या बाजूचा आहे. मात्र अमेरिकेतील आक्षेप नेमका कशावर होता, हे आधी पाहिले पाहिजे.

ऑगस्ट 2024 मध्ये तेथील न्याय विभागाने आठ राज्यांसह, घरमालकांना भाडे सुचवणारी संगणक-प्रणाली पुरवणाऱ्या ‘रिअलपेज’ या कंपनीवर खटला भरला. संगणकाने भाडे काढले, ही तक्रार नव्हती. ज्या घरमालक कंपन्यांनी परस्परांशी स्पर्धा करायला हवी, त्याच आपल्या प्रत्यक्ष करारांतील भाडे आणि रिकाम्या घरांचे प्रमाण अशी गोपनीय माहिती एकाच प्रणालीला पुरवत होत्या आणि त्या एकत्रित माहितीवर बेतलेला दर त्यांना सुचवला जात होता, असा आरोप होता. घर रिकामे पडले की मालकाला भाडे उतरवावे लागते. पण शेजारचाही उतरवणार नाही, अशी खात्री असेल तर तो अडून बसू शकतो आणि भाडेकरूच्या घासाघिशीला अर्थ उरत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये प्रस्तावित झालेल्या तडजोडीतही प्रणालीवर बंदी नाही. तिला शिकवण्यासाठी वापरायची गोपनीय माहिती किमान 12 महिने जुनी असावी, अशी अट आहे. कंपनीने गैरकृत्य मान्य केलेले नाही.

नागपुरात चित्र वेगळे आहे. बेसा, त्रिमूर्तीनगर किंवा नंदनवन येथे भाड्याची घरे प्रामुख्याने एक-दोन सदनिका असलेल्या मालकांची आहेत, आणि पोर्टलचा अंदाज बहुधा जाहिरातींतील दरांवर उभा असतो. जाहिरातीतला आकडा ही मालकाची अपेक्षा असते; करार कमी रकमेला झाला तरी ती जाहिरात कोणी दुरुस्त करत नाही. अशा अपेक्षांची सरासरी ‘बाजारभाव’ म्हणून पुढे आली, की पुढचा मालक तिथूनच सुरुवात करतो. हा संगनमताचा नव्हे, चुकीच्या माहितीचा दोष आहे आणि त्याचा उपायही वेगळा आहे.

संगनमतासाठी आपल्याकडे कायदा आहे. स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3 मध्ये 2023 च्या दुरुस्तीने अशी तरतूद आली, की स्वतः त्या व्यवसायात नसूनही किंमत ठरवण्याच्या करारात सहभागी होणारा मध्यस्थ त्या कराराचा भाग मानला जाईल. वसतिगृहे आणि पीजी चालवणाऱ्या साखळ्या उद्या एकाच प्रणालीवरून दर ठरवू लागल्या, तर हे कलम उपयोगी पडू शकेल. एकेकट्या मालकाने पोर्टल पाहून वाढ मागणे मात्र त्यात बसणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधील दरवर्षी 4 टक्के वाढीची तरतूदही लिव्ह अँड लायसन्स करारांना लागू होत नाही.

म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. भाडे सुचवणाऱ्या प्रत्येक पोर्टलने तो आकडा जाहिरातींवरून काढला की झालेल्या करारांवरून, हे आकड्याशेजारीच सांगणे बंधनकारक व्हावे. तसेच नोंदणी विभागाने नोंदलेल्या करारांतील भाडे, नावे वगळून, भागनिहाय प्रसिद्ध करावे. त्यासाठी आधी करार नोंदले गेले पाहिजेत. 11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असा समज आपल्या शहरात अजूनही घट्ट आहे आणि नोटरीवरच काम भागवले जाते; प्रत्यक्षात 1999 च्या अधिनियमाच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे व ती जबाबदारी घरमालकाची आहे.

आपल्यापुरते सांगायचे तर त्याच इमारतीत गेल्या काही महिन्यांत झालेल्या करारांची रक्कम शेजाऱ्यांकडून विचारून घ्या, तेवढ्याच आकाराच्या किती सदनिका जाहिरात देऊनही रिकाम्या आहेत ते पाहा आणि हे आकडे घेऊन घरमालकांशी बोला. जी वाढ ठरेल ती पुढील वर्षाच्या टक्केवारीसह करारात लिहून घ्या आणि तो करार नोंदवून घ्या.