सीएचा अभ्यास : लेक्चर संपली, पेपर किती लिहिले?

सीए परीक्षेचा निकाल लागला की दोन-तीन आठवडे माझ्याकडे प्रश्नांची रीघ लागते. माझ्या ऑफिसातली आर्टिकल मुलं (सीएच्या हाताखाली सक्तीचं प्रशिक्षण घेणारी) जे विचारतात, तेच नांदेडहून येतं, चिपळूणहून येतं, दुबईतल्या आईवडिलांकडूनही येतं. बहुतेक गोंधळ ऐकीव माहितीचा असतो. वारंवार आलेले प्रश्न निवडून उत्तरं देते आहे. नियमांबद्दल लिहिलं आहे ते नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे. तरीही फॉर्म भरण्याआधी इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआय, ही परीक्षा घेणारी संस्था) संकेतस्थळावरची ताजी सूचना वाचायची आहेच, कारण माझा लेख दाखवून फॉर्म दुरुस्त करून मिळत नाही.

प्रश्न : रोज सोळा तास अभ्यास केल्याशिवाय इंटर (सीएची मधली परीक्षा) सुटत नाही, हे खरं का?

नाही. सोळा तास सांगणाऱ्याला आज त्यातलं काय लिहिता येतं, ते विचारा.

प्रश्न : माझं शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमातून झालं. पेपर मराठीत लिहिता येतो का? नसेल तर इंग्रजी बोलण्याचा क्लास लावू का?

मराठीत लिहिता येत नाही. इंग्रजी किंवा हिंदी, दोनच माध्यमं आहेत. हिंदीचा पर्याय कायद्याची हिंदी परिभाषा पाठ असेल तरच घे, कारण ‘हिंदी सोपी’ म्हणून गेलेली आपली मुलं ‘प्रतिफल’ आणि ‘न्यासी’पाशी अडतात.

बोलण्याच्या क्लासची गरज नाही. परीक्षेत बोलायचं नसून लिहायचं आहे, आणि तेही छोट्या छोट्या वाक्यांत. इन्स्टिट्यूटच्या सजेस्टेड आन्सर्समधलं (जुन्या पेपरांची नमुना उत्तरं) कायद्याचं एक उत्तर रोज हाताने उतरवून काढ. आधी तरतूद, मग प्रकरणातली वस्तुस्थिती, मग निष्कर्ष, हा साचा तीन महिन्यांत बोटांत बसतो. कलमाचा आकडा नक्की आठवत नसेल तर लिहू नकोस, ‘कंपनी कायद्यातील तरतुदीनुसार’ एवढ्यावर भागतं. चुकीचा आकडा तपासणाऱ्याच्या डोळ्यांत आधी खुपतो.

प्रश्न : इंटरचे दोन्ही ग्रुप (तीन-तीन पेपरांचे गट) एकदम द्यावेत की एकेक? क्लासचे सर म्हणतात एकेक, मामा म्हणतात दोन्ही.

सर आणि मामा दोघांनाही बाजूला ठेवून आकडेमोड करू. प्रत्येक पेपरात किमान 40 आणि ग्रुपच्या एकूण गुणांत 50 टक्के, म्हणजे तीन पेपरांच्या 300 पैकी 150, ही अट तुम्हाला माहीत आहे. दोन्ही ग्रुप एकाच वेळी दिले तर सहा पेपरांची बेरीजही बघितली जाते. समजा पहिल्या ग्रुपमध्ये 162 आले आणि दुसऱ्यात 141. बेरीज 303. सगळीकडे 40 च्या वर असाल तर दोन्ही ग्रुप सुटले. तोच दुसरा ग्रुप एकटा दिला असता, तर 141 वर नापास.

ही झाली फायद्याची बाजू. पण बेरजेचा आधार ज्याचे सहाही विषय पुरे झालेत त्याला मिळतो. परीक्षेला दोन महिने उरलेत आणि कॉस्टिंगचे चार धडे अजून उघडलेलेच नाहीत, अशा मुलाने दोन्ही ग्रुप भरले की तो सहाही पेपरांत 37-38 वर अडकतो. तुम्ही कुठे आहात हे मला चार ओळींच्या प्रश्नावरून कळत नाही. सहाही विषयांचा एकेक मॉक पेपर देऊन, तपासून, ते गुण घेऊन शिकवणाऱ्या माणसाकडे जा. गुण न बघता सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, मग तो मामा का असेना.

प्रश्न : ऑडिटची तयारी नाही. तो पेपर सोडून बाकी दोनांत 60 च्या वर आणले तर एक्झम्प्शन (ते पेपर पुन्हा देण्यातून सूट) मिळेल ना? मित्राला मिळालंय.

मित्राला मिळालेलं नाही, किंवा मित्र त्या पेपरला बसला होता. एक्झम्प्शनसाठी ग्रुपमधल्या सगळ्या पेपरांना हजर राहावं लागतं. ऑडिटला जाऊन 22 आले तरी चालतील, पण गैरहजर राहिलात तर बाकीच्या 60-65 चा उपयोग शून्य. ही चूक मी दरवर्षी पाहते आणि दरवर्षी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, कारण हजेरीपत्रकावर एक सही केली असती तरी वर्ष वाचलं असतं.

आणखी एक. एक्झम्प्शन पुढच्या तीन परीक्षांपुरतं असतं. त्यानंतर ते कायम ठेवता येतं, पण मग ग्रुपमधल्या उरलेल्या प्रत्येक पेपरात 50 लागतात. पूर्वी वर्षात दोन परीक्षा होत्या तेव्हा तीन परीक्षा म्हणजे दीड वर्ष. 2025 मध्ये फाउंडेशन आणि इंटर या परीक्षा वर्षातून तीनदा झाल्या. या वेगाने त्या तीन परीक्षा वर्षभरात संपतात. निवांत बसू नका.

प्रश्न : (फायनल, पुणे) फायनान्शियल रिपोर्टिंगची लेक्चर दोनदा पूर्ण पाहिली, एकदा दीडपट वेगाने आणि एकदा दुप्पट. चार्टबुक पाठ आहे. लेक्चर चालू असताना सगळं समजतं. तरी 31 आले. तिसऱ्यांदा दुसऱ्या सरांची लेक्चर घेऊ का?

नको. आणि हे उत्तर लांबणार आहे, कारण असे प्रश्न मला सगळ्यात जास्त येतात आणि दर वेळी नवा मुलगा तीच चूक घेऊन येतो.

तुम्ही दोनदा पाहिलंत ते सरांचं गणित. कन्सॉलिडेशनचं (समूहातल्या कंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याचं) उदाहरण सर सोडवत असतात, पुढची पायरी त्यांच्या मागोमाग तुम्हालाही सुचते आणि वाटतं, आलं. ओळखू येणं आणि आठवून लिहिता येणं यांत सदाशिव पेठ ते सिंहगड एवढं अंतर आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी कोरा कागद देते आणि म्हणते, इंड एएस 115 या हिशेबाच्या मानकातल्या महसूल मोजण्याच्या पाच पायऱ्या लिही. करार ओळखणे, त्यातली कर्तव्यं ओळखणे, व्यवहाराची किंमत ठरवणे, ती कर्तव्यांवर वाटणे, कर्तव्य पूर्ण होईल तसा महसूल धरणे. चार्टबुक पाठ असलेली मुलं तिसऱ्या पायरीशी थबकतात. चार्टच्या कोपऱ्यातला पिवळा चौकोन त्यांना आठवतो, आतलं वाक्य आठवत नाही.

हे नुसतं माझं म्हातारपणचं कुरकुरणं नाही. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. गंमत अशी की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला चांगलं लक्षात राहील याची जास्त खात्री होती. तुम्हाला दुसऱ्या लेक्चरनंतर वाटली, तीच ही खात्री.

आता वेळेचा हिशोब. पेपर 100 मार्कांचा, तीन तासांचा. त्यातले 30 मार्क बहुपर्यायी प्रश्नांचे, 70 लेखी उत्तरांचे. बहुपर्यायीला 50 मिनिटं दिली तर 70 मार्कांसाठी 130 मिनिटं उरतात. म्हणजे पाच मार्कांना साधारण नऊ मिनिटं, आणि त्यातच वाचणं, विचार करणं, आकडेमोड, वर्किंग नोट्स. ज्याने घरी कधी घड्याळ लावून लिहिलेलं नाही, तो पहिल्या प्रश्नाला 45 मिनिटं देतो आणि शेवटचे 15-20 मार्क कोरे ठेवून येतो. तुमचे 31 असे झाले असण्याची शक्यता मला दाट वाटते. पण अंदाज कशाला बांधायचा? निकालानंतरच्या मुदतीत अर्ज करून उत्तरपत्रिकेची प्रत मागवा आणि कोणत्या प्रश्नाला किती मिळाले ते बघा. ती प्रत घेऊन, क्लास विकायचा नाही अशा एखाद्या सीएकडे जा. तुमचे प्रिन्सिपल (ज्यांच्याकडे आर्टिकलशिप केलीत ते सीए) असतील तर उत्तम.

काय करायचं ते सांगते. दुसऱ्या सरांचे पैसे वाचवा. इन्स्टिट्यूटचं स्टडी मटेरियल, आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), मॉक टेस्ट पेपर आणि जुन्या परीक्षांची सजेस्टेड उत्तरं संकेतस्थळावर फुकट आहेत. प्रत्येक धड्यानंतर पुस्तक मिटून एक मोठं गणित पूर्ण लिहा. ‘पुढे सोपंच आहे’ म्हणून अर्ध्यात सोडायचं नाही, ताळेबंद जुळेपर्यंत लिहायचं. चूक झाली तर ती कुठे झाली याची एका ओळीत नोंद करायची आणि तेच गणित चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी पुन्हा लिहायचं. परीक्षेच्या दोन महिने आधीपासून दर रविवारी, पेपरची जी वेळ असेल त्याच वेळेला, तीन तासांचा पूर्ण पेपर. घरी जमत नसेल तर अभ्यासिकेत. फोन बाहेरच्या कपाटात. हाताला एका बैठकीत तीस-पस्तीस पानं लिहायची सवय नसेल तर शेवटच्या तासात अक्षर आणि डोकं दोन्ही ढिले पडतात.

लेक्चर वाईट नसतात. पण ती एकदा पाहायची, आणि मग अडलेल्या जागेपुरती उघडायची.

प्रश्न : एका टेलिग्राम चॅनलवर 999 रुपयांत ‘शुअर शॉट’ प्रश्नसंच आहे. घ्यावा का?

नाही. पन्नास प्रश्न छापले की पाच येणारच, पुढच्या वेळी त्या पाचांची जाहिरात होते. आणि ‘फुटलेला पेपर’ म्हणून कोणी काही विकत असेल तर त्या चॅनलमधून आधी बाहेर पडा. त्यात सापडलात तर 999 रुपयांवर सुटका होणार नाही.

प्रश्न : (पालक) एक क्लास पहिल्याच अटेम्प्टची हमी देतो, नाहीतर पैसे परत. होर्डिंगवर रँकर्सचे फोटो आहेत. फी भरावी का?

तोच रँकर आणखी तीन क्लासच्या होर्डिंगवर दिसला का, ते आधी बघा. कुणी पूर्ण कोर्स केलेला असतो, कुणी फक्त दोन मॉक टेस्ट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. यशाची हमी देणं त्यांत बसत नाही, आणि यशस्वी विद्यार्थ्याने नेमका कोणता कोर्स केला होता तेही जाहिरातीत सांगावं लागतं. तेव्हा हमी देणाऱ्या क्लासने नियम आत्ताच मोडला आहे.

‘पैसे परत’च्या अटी लेखी मागा. हजेरी, सगळ्या टेस्ट, ठरावीक गुण अशी जंत्री निघाली तर पैसे परत येणार नाहीत असं समजून चाला. फी भरून फसला असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर विचारा. आणि मुलगा म्हणतो काय? फी तुम्ही भरणार, पेपर त्याला लिहायचा आहे.

प्रश्न : आर्टिकलशिपचं दुसरं वर्ष. काम खूप आहे. संपल्यावर सहा महिने मिळतात, तेव्हाच फायनलला बसेन म्हणते. एक मैत्रीण म्हणते, डमी आर्टिकलशिप केली असतीस तर वेळ मिळाला असता.

मैत्रिणीचं ऐकू नका. कागदावरची आर्टिकलशिप हा गैरप्रकार आहे, उघडकीला आला तर तो काळ धरला जात नाही आणि प्रिन्सिपलवरही कारवाई होते.

सहा महिन्यांत सहा पेपर आणि त्यांची उजळणी बसत नाही. शिवाय सेल्फ-पेस्ड मॉड्यूल्स (आपल्या सोयीने ऑनलाइन करायचे विषय) फायनलआधी पास व्हावी लागतात, ती आधीच उरकायला हवीत. नव्या पद्धतीत दोन वर्षांत मिळून रजा फक्त 24. म्हणून रोजच्या दिवसातूनच वेळ काढायचा आहे. सकाळी दीड तास, एका वेळी एक विषय, आणि ऑफिसात जे काम हाताखाली येतं त्याचाच धडा त्या आठवड्यात. जीएसटीचं रिटर्न भरताय तर इनपुट टॅक्स क्रेडिट तेव्हाच वाचा. ऑडिटला गेलात की तिथल्या तिथे कारो 2020 ची (कंपनीच्या ऑडिट अहवालात काय सांगायचं ते ठरवणारा आदेश) कलमं ताडून बघा. प्रिन्सिपलशी आजच बोला आणि परीक्षेआधीचं वेळापत्रक लेखी ठरवून घ्या. मार्चअखेर जाऊन बोलाल तर ते ऐकणार नाहीत, त्यांच्या जागी मी असते तर मीही ऐकलं नसतं.

प्रश्न : 64, 65 आणि 39. एका मार्काने गेलो. पेपर पुन्हा तपासून मिळेल का?

पुनर्मूल्यांकन होत नाही. बेरीज चुकली आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, एवढंच बघितलं जातं, आणि त्यासाठी निकालापासून 30 दिवसांत अर्ज करावा लागतो. अर्ज करा, पण त्याची वाट बघत पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा ठेवू नका. 64 आणि 65 ला एक्झम्प्शन आहे, ग्रुपची बेरीज त्यांच्यामुळे निघतेच, उरलेल्या पेपरात 40 पुरे. 55 चं लक्ष्य ठेवून लिहा.

प्रश्न : परीक्षा पुढे जाणार आहे असं ग्रुपवर आलंय.

इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर आलंय का? मे 2025 मध्ये सीमेवरच्या तणावामुळे पेपर खरोखर पुढे गेले, तेव्हाही ते तिथेच जाहीर झालं होतं.

प्रश्न : चौथा अटेम्प्ट गेला. झोप लागत नाही, घरात कुणाशी बोलवत नाही. एका सीनियरने जागं राहायच्या गोळ्या सुचवल्या आहेत.

गोळ्या घेऊ नकोस. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय एकही नाही, आणि ज्याने सुचवल्या त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस.

अभ्यासाचं वेळापत्रक मी तुला आत्ता देणार नाही. आधी डॉक्टरांना भेट, या आठवड्यातच. सरकारची टेली-मानस ही फुकट हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलतात, रात्रीही चालते. ‘जगावंसं वाटत नाही’ असा विचार एकदाही आला असेल तर हे वाचून झाल्यावर लगेच फोन कर आणि घरातल्या एका माणसाला सांग. चार अटेम्प्ट दिलेले सीए माझ्या ओळखीत बरेच आहेत, त्यातले दोघे माझ्याच ऑफिसात बसतात. त्यांच्याशी बोलायचं असेल तर कळव, गाठ घालून देते. पण डॉक्टरांना भेटून झाल्यावर.

प्रश्न : सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो का?

नाही. साधा, आवाज न करणारा, बारा अंकी. सेल नवे घाला, कॅल्क्युलेटर जुनाच न्या.