वाचकांचे प्रश्न : चारीच्या शेपटाला पाण्याचा हक्क किती?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त हडपसरला राहतो. आमची वडिलोपार्जित शेती दौंड तालुक्यात, खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याच्या एका चारीच्या (शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या फाट्याच्या) शेपटाला आहे. गेल्या उन्हाळ्यात आवर्तन, म्हणजे कालव्यातून पाळीने सोडले जाणारे पाणी, आमच्या बांधापर्यंत आलेच नाही. पाऊस कमी झाला आणि पिण्याच्या पाण्याला प्राधान्य आहे, एवढेच सांगितले जाते. आमचा पाण्यावर कायदेशीर हक्क आहे का? दाद न्यायालयात मागावी की, नातेवाईक म्हणतात त्याप्रमाणे, कृष्णा लवादाकडे? – एक वाचक, पुणे

उत्तर : लवादाचा विचार आपण सोडून द्यावा. 1956 च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्याखालील लवादापुढे राज्य सरकारे उभी राहतात, शेतकरी नव्हे. खडकवासला ज्या खोऱ्यात आहे त्या मुळा-मुठेचे पाणी भीमेतून कृष्णेला मिळत असल्यामुळे ते बच्छावत लवादाने, म्हणजे पहिल्या कृष्णा लवादाने, महाराष्ट्राला दिलेल्या 560 टीएमसीत (अब्ज घनफुटांत) मोडते खरे. पण त्या वाट्याची शहर आणि शेती यांच्यात वाटणी राज्याच्याच कायद्यांनी होते. (जाता जाता एक गोष्ट : या वाटपाचा पाया 1894-95 ते 1971-72 या काळातील प्रवाहाच्या नोंदींवरून काढलेले, चारपैकी तीन वर्षे मिळेल इतके पाणी हा होता. पाऊसमान पालटले तरी हे आकडे आपोआप बदलत नाहीत, त्यामुळे पुढच्या तंट्यांचे मूळ बहुधा इथेच निघेल.)

धरणातील पाण्याची मालकी शेतकऱ्याकडे नसते. त्याला मिळतो तो वापराचा हक्क. आपण दर हंगामाला नमुना नं. 7 भरून पाणी मागत असाल, तर आपल्या हाती त्या हंगामापुरती मंजुरी असते आणि तिच्या बळावर भांडणे अवघड जाते. याउलट, शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या पाणी वापर संस्थेला घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, पाण्याचा कोटा ठरवून मिळतो. तेव्हा आपल्या चारीवर अशी संस्था आहे का आणि ती चालू आहे की कागदावरच आहे, हे आधी पाहावे.

पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम आहे, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही, कारण अग्रक्रम म्हणजे अमर्याद उचल नव्हे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्यातील कलम 12(6)(क) तुटीच्या काळात खोऱ्यातील धरणांचे पाणी समन्यायी पद्धतीने वाटण्यास सांगते. जायकवाडीसाठी नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्राधिकरणाचा 2014 चा आदेश याच तत्त्वावर उभा होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये ते तत्त्व मान्य केले. पुणे शहराच्या पाणीउचलीचा प्रश्नही तक्रारींच्या रूपाने प्राधिकरणापुढे गेलेला आहे. शहराने शुद्ध केलेले सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) शेतीसाठी कालव्यात सोडण्याची व्यवस्था आहे. धरणातून शहर किती घेते याच्या जोडीला, शेतीला परत किती आणि कोणत्या प्रतीचे देते, हेही आपण विचारले पाहिजे.

तक्रार मात्र पुराव्याने करावी. शहराकडे बोट दाखवण्याआधी चारीच्या मुखाशी किती पाणी आले आणि वाटेत ते कोणी उपसले, हे तपासावे, कारण शेपटाचे पाणी पुष्कळदा वरच्या बांधावरच्या मोटारींनी संपलेले असते आणि तसे निघाले तर आपला सारा युक्तिवाद कोलमडतो. मुखावरील मोजणीच्या रोजच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतात.

हक्काचे पाणी मिळाले नाही, ही तक्रार संस्थेमार्फत प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्याकडे जाते, त्याच्या आदेशाविरुद्ध 60 दिवसांत प्राधिकरणाकडे अपील करता येते, आणि उच्च न्यायालयाचा मार्ग त्यानंतरचा. थेट रिट याचिका केल्यास आधी हे उपाय का वापरले नाहीत, असा प्रश्न बहुधा विचारला जाईल. उन्हाळी आवर्तनाचा निर्णय कालवा सल्लागार समितीत होतो, म्हणून संस्थेचे लेखी म्हणणे त्या बैठकीआधी पोहोचवावे, आणि तत्पूर्वी पाणीपट्टीची थकबाकी असल्यास ती भरून पावती जवळ ठेवावी.