ब्रश उचललेला असतो तेव्हा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

रविवारच्या जलरंगाच्या प्रात्यक्षिकानंतर तू रात्री पाठवलेला निरोप मी सकाळी वाचला. पाहुण्या चित्रकारांनी चाळीस मिनिटांत जे केले ते मला तीन वर्षांत जमले नाही, म्हणून रंगपेटी माळ्यावर टाकली आहे, असे तू लिहिलेस. शिवाय जानेवारीत आलेल्या चित्रकारांनी पांढऱ्या रंगाची ट्यूब पेटीत ठेवूसुद्धा नका असे बजावले होते आणि परवाच्यांनी सगळ्यांदेखत तीच ट्यूब पिळली, तेव्हा खरे कोणाचे मानायचे, असेही विचारलेस. तू चित्रे काढावीस की नाही, या प्रश्नात मी शिरणार नाही. तो तुझाही प्रश्न नाही. असता तर तू रात्री साडेअकराला जुन्या मास्तराला निरोप पाठवला नसतास. मला खरा राग आला तो सोबत जोडलेल्या व्हिडिओचा.

तो मी दोनदा पाहिला. परवा पहिल्या वॉशपासून, म्हणजे पाणीदार रंगाच्या पहिल्या थरापासून, सहीपर्यंत माझ्या घड्याळाप्रमाणे एक तास पस्तीस मिनिटे लागली होती. तुझ्या फोनमध्ये चाळीस आहेत. ब्रश कागदाला टेकला की तू फोन सुरू करत होतीस आणि उचलला की बंद करत होतीस, त्यामुळे मधली पंचावन्न मिनिटे गळाली आणि त्यानंतर तूच त्या चाळीस मिनिटांना घाबरलीस. अगं, ते चाळीस मिनिटांचे चित्र अस्तित्वातच नाही! ते तू कापून तयार केले आहेस. प्रात्यक्षिकाला जाऊन पाहायचे असते ते त्या पंचावन्न मिनिटांत. ब्रश उचललेला असतो तेव्हा चित्रकार काय करतो, ते पाहायचे. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

परवा काय घडले ते आठव. आपल्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या होड्या, मागे डोंगराची गडद बाजू आणि पुढच्या होडीची केबिन कोऱ्या कागदाचीच राखलेली, असा बेत पेन्सिलीने आधीच आखून आणलेला होता. डोंगराचा वॉश टाकला आणि वीज गेली. पाहुण्यांनी हेअर ड्रायर आणला होता, तो पिशवीतच राहिला. बाहेर पाऊस कोसळत होता, खिडक्या बंद होत्या आणि सभागृहात दीडशे माणसांच्या श्वासांची वाफ होती. अशा हवेत कागद वाळणार कसा? डोंगराच्या कडेला साचलेला ओला थेंब हळूच केबिनच्या पांढऱ्यात उतरला. तुझ्या व्हिडिओत हे नाही. त्यांनी ब्रश खाली ठेवला, बोर्डाची खालची कड किंचित उचलून थेंबाची दिशा बदलली, फडक्याच्या टोकाने तो टिपला आणि मग डोळे कागदाच्या पातळीला आणून ते तिरक्या नजरेने नुसते पाहत राहिले. मागच्या रांगेतल्या लोकांनी कुजबुज सुरू केली. पाहुणे कागदावरची चमक कधी जाते याची वाट पाहत होते.

ओल्या कागदावर पाणी चकाकत असते तोवर रंग पसरतो आणि कडा विरघळतात. चमक जाऊन कागद मंद दिसू लागतो, पण हाताच्या उलट्या बाजूला अजून गार लागतो, तेव्हा तो सगळ्यांत फसवा असतो. त्या वेळी जास्त पाण्याचा ब्रश लावला की पाणी आधीच्या रंगाला ढकलते आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. तुझ्या आकाशांत असे डाग मी गेली तीन वर्षे पाहतो आहे. तुला वाटते तुझा हात कच्चा आहे. हात ठीक आहे, तू थांबत नाहीस.

आता पांढऱ्याचे. जानेवारीतल्या पाहुण्यांना कोरडी हवा मिळाली, पहिला वॉश बोलता बोलता वाळला आणि राखलेली जागा अखेरपर्यंत राखलेलीच राहिली. ट्यूब जवळ बाळगू नका, हे त्यांना शोभले, कारण त्या दिवशी तिची गरज पडली नाही. परवाच्यांचे पांढरे हवेने नेले. त्यांनी पूर्ण चित्र होईपर्यंत ट्यूबला हात लावला नाही. शेवटी दाराशी जाऊन लांबून पाहिले, परत आले, नखाएवढा रंग काढला आणि केबिनची एक कड, दोन दोर आणि एक कठडा एवढ्यावरच थांबले. हा निर्णय त्यांनी दाराशी उभे राहून घेतला आणि तेव्हा तुझा फोन बंद होता. तू मात्र जानेवारीत शिकलेले आषाढात घरी करून पाहतेस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात, आणि कागद वाळत नाही म्हणून स्वतःला दोष देतेस.

पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कागद, यावर दोघांचेही दुमत नव्हते. आपल्या कोकणातल्या सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे, हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेक जण त्याला तैलरंगाचे समजतात, पण ते जलरंगाचे आहे. ज्योतीवर आड धरलेल्या हाताची बोटे आतून तांबूस उजळलेली दिसतात. मी त्या चित्रासमोर उभा राहिलो तेव्हा ब्रशचे फटकारे शोधत होतो आणि ते काही केल्या सापडत नव्हते. त्या बोटांवर एक पातळ थर देऊन, तो पुरता वाळू देऊन, मगच दुसरा द्यायला किती वेळा ब्रश खाली ठेवावा लागला असेल, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरले. तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो.

उशिरा का शिरले, तेही सांगतो. आपल्या कलामंडळात प्रात्यक्षिकांना मी पहिल्यापासून आहे. माझ्या कपाटात चार वह्या आहेत आणि त्यांत ‘अल्ट्रामरीन अधिक बर्न्ट सिएना, करडा’ अशी रंग मिसळण्याची समीकरणे पानेच्या पाने भरलेली आहेत. कंपन्यांची नावे आहेत, ब्रशांचे क्रमांक आहेत. किती वेळ थांबले, हे एकाही पानावर नाही. घाटावरून आलेल्या एका चित्रकारांनी वाईच्या कृष्णाकाठचे आकाश आमच्यासमोर असे काही उतरवले की पुढची दहा वर्षे मी भाट्याच्या खाडीवर वाईचे आकाश रंगवत बसलो. आपल्याकडे हवेतच पाणी असते, पलीकडच्या तीरावरचे सुरूबन दुपारीही जरा धुरकट दिसते. पण मी त्याच्या कडा वाईच्या झाडांसारख्या धारदार काढल्या, कारण पाहुण्यांनी तशा काढल्या होत्या.

आणि एक दिवस असा आला की मला हवे होते तेच समोर घडले आणि मी तिथे नव्हतो. असाच पावसाळा होता. एक वयस्कर पाहुणे ओहोटीचा चिखल रंगवत होते. वॉश वाळेना, म्हणून त्यांनी ब्रश ठेवला आणि हसून म्हणाले, आता थांबावे लागेल. मी चिटणीस होतो. थांबायचेच आहे तर चहा फिरवून घेऊ, असे म्हणून मी किटली घेऊन निघालो. परत येतो तो चित्रात चिखलावर ओल चढलेली, पाणी नुकतेच सरकून गेल्यासारखी. त्यांनी त्या दहा-बारा मिनिटांत काय केले, कोरडा ब्रश फिरवून रंग उचलला की बोर्ड तिरका धरून तो ओघळू दिला, हे मला आजतागायत ठाऊक नाही. शेजारी बसलेल्यांना विचारले तर ते म्हणाले, काही नाही, ते नुसतेच बसले होते. मग मी आभारप्रदर्शन केले आणि त्यात त्यांच्या सहजसुंदर शैलीचे कौतुक केले.

तू म्हणशील, चहा दुसऱ्या कोणी दिला नसता का? नसता दिला. खुर्च्या लावणे, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणे, मागच्या भिंतीवर मुलांची एलिमेंटरी-इंटरमिजिएटची चित्रे टांगणे, हे कोणीतरी केले म्हणून या गावात प्रात्यक्षिके झाली आणि म्हणून तू परवा पहिल्या रांगेत बसू शकलीस. मुंबईला गेलेले माझे मित्र मोठे झाले, मी इथेच राहिलो, त्याचा मला पश्चात्ताप नाही. मात्र किटली हातात असताना मान वळवून कागदाकडे पाहता आले असते, एवढे मला मान्य केले पाहिजे.

प्रश्नोत्तरांत तू उठून पाहुण्यांना विचारलेस, ब्रश कितव्या नंबरचा? मला खुर्चीत अवघडल्यासारखे झाले. ब्रश कितव्या नंबरचा हे दुकानदार सांगेल. तुम्ही डोंगरानंतर का थांबलात, तेव्हा काय पाहत होता, दाराशी गेलात ते कशासाठी, हे फक्त तेच सांगू शकले असते, आणि रात्रीच्या गाडीने ते निघून गेले.

आता काम. पाऊस उघडेल त्या दिवशी ओहोटीची वेळ बघून भाट्याला जा. कापसाच्या जाड कागदाचा पाव शीट ने. शाळेचा ड्रॉइंग पेपर नको, तो पाणी पडताच फुगतो. आणि गेल्या पावसाळ्यातला उरलेला कागद असेल तर आधी त्याच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघ, कारण दमटपणाने कागदाची खळ, म्हणजे रंग वर धरून ठेवणारा लेप, जाते आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी आत शोषला जातो. माझे दहा शीट असे वाया गेले आहेत. आकाश आणि खाडीचे पाणी मिळून एकच वॉश टाक आणि ब्रश पिशवीत घालून चेन लाव. हातात पेन्सिल घे. चमक कधी गेली, आधी कुठल्या कडेची गेली, वारा कुठून होता, हे समासात वेळेसह लिही. तो गार स्पर्श गेला की तेही लिही. सुरूबन काढायचे नाही, होडी काढायची नाही. असे पाच कागद कर आणि मला आणून दाखव. चित्र एकही नसेल, समास भरलेले असतील. तुला वाटेल म्हातारा वेळ घालवतो आहे. वाटू दे.

पुढचे प्रात्यक्षिक दिवाळीनंतर आहे, व्यक्तिचित्राचे, तैलरंगात. तिथे वाळण्याचा प्रश्न निराळा. पण ते पाहुणे ब्रश उचलून मागे सरकतील, डोळे बारीक करतील आणि समोर बसलेल्या माणसाकडे व कॅनव्हासकडे आळीपाळीने पाहतील, तेव्हा फोन खिशात ठेव. त्यांच्या पॅलेटच्या बाजूच्या दोन खुर्च्या मी मंडळाला सांगून राखून ठेवल्या आहेत, एक तुझी आणि एक माझी. चहाचे काम या वेळी धाकट्या चिटणिसांकडे दिले आहे.

रंगपेटी मात्र आजच माळ्यावरून काढ. या दिवसांत तिथे ट्यूबांची झाकणे घट्ट बसतात आणि चांगल्या केसांच्या ब्रशांना कसर लागते.

तुझा,
सर