वाचक विचारतात : चार मित्र, चार डिटेक्टर आणि दिवसभराची टिवटिव

प्रश्न : आम्ही चौघे मित्र गेल्या रविवारी जमीनमालकाची रीतसर परवानगी घेऊन एका मोकळ्या माळावर मेटल डिटेक्टर घेऊन गेलो होतो. सकाळपासून चारही यंत्रे सारखी टिवटिवत होती. आवाज आला तिथे खणावे, तर बहुतेक वेळा हाती काहीच लागत नव्हते. दुपारी कंटाळून दोघांनी यंत्रे बंद केली आणि ते झाडाखाली जाऊन बसले. नवल असे की त्यानंतर उरलेल्या दोघांची यंत्रे एकदम शहाण्यासारखी वागू लागली. बिघाड यंत्रांत होता की जमिनीत?

उत्तर : बिघाड यंत्रांत नव्हता आणि बहुधा जमिनीतही नव्हता. झाडाखाली जाऊन बसलेले ते दोन मित्र हेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

डिटेक्टरच्या खालच्या गोल तबकडीत, म्हणजे कॉइलमध्ये, तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो आणि त्यामुळे जमिनीत सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र उतरते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उठतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. हे परतून येणारे क्षेत्र इतके दुबळे असते की ते ऐकण्यासाठी यंत्राला फार तिखट कान द्यावे लागतात. आता शेजारी पाचसात पावलांवर दुसरा मित्र जवळपास त्याच वारंवारितेचे यंत्र फिरवत असेल, तर तुमच्या यंत्राला जमिनीतल्या नाण्याआधी त्याचीच हाक ऐकू येते. तुम्ही चौघांनी एकाच प्रकारची यंत्रे घेतली असावीत, असा माझा अंदाज आहे. मित्रमंडळी अशा खरेदीत एकमेकांचेच पाहून चालतात.

उपाय सोपा आहे. दोन यंत्रांत निदान दहा-पंधरा मीटर अंतर ठेवावे. बऱ्याच यंत्रांत वारंवारिता किंचित सरकवण्याची किंवा आजूबाजूचा गोंधळ टाळणारी सोय असते. ती सगळ्यांनी एकदम न वापरता एकेकाने आळीपाळीने वापरावी. तरीही टिवटिव थांबली नाही, तर संवेदनशीलता थोडी उतरवावी. संवेदनशीलता शेवटच्या काट्यापर्यंत चढवली की यंत्र जास्त खोल पाहते हा नवशिक्यांचा लाडका गैरसमज आहे. प्रत्यक्षात गोंगाटच जास्त ऐकू येतो आणि खोलवरचा हलका, पण खरा आवाज त्यात बुडून जातो.

आणखी एक गोष्ट तपासा. पोलादी टोप्यांचे बूट, कमरेला लावलेली खुरपी, खिशातला मोबाइल यांपैकी काही कॉइलच्या जवळ येते का? जवळच्या धातूने फसगत होण्याची कथा या यंत्राच्या जन्माइतकीच जुनी आहे. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः तयार केलेले असेच उपकरण घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेले होते. गोळी सापडली नाही. गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी उपकरणाला चकवले, असे एक कारण सांगितले जाते. दुसरे असे की मुख्य डॉक्टरांनी फक्त उजव्या बाजूला शोध घेऊ दिला, आणि गोळी होती डाव्या बाजूला. शोधणाऱ्याने जागा आधीच ठरवून टाकली की यंत्र कितीही चांगले असून उपयोग होत नाही, हे मला त्या हकिकतीत स्प्रिंगांपेक्षाही महत्त्वाचे वाटते.

म्हणूनच पुढच्या खेपेला माळावर मन मानेल तसे भटकू नका. दोरी लावून माळाचे पट्टे पाडा, दोघांमध्ये एक पट्टा रिकामा सोडा आणि नांगराचे तास धरावे तसे सरळ चाला. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकलेली आणि समांतर राहिली पाहिजे. बहुतेकांचा हात फेऱ्याच्या दोन्ही टोकांना झोपाळ्यासारखा वर उचलला जातो, आणि तिथली खोली फुकट जाते. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा तरी चढवा. आवाज आला की लगेच खुरपी काढू नका. त्या जागेभोवती काटकोनात फिरून दुसऱ्या बाजूने कॉइल फिरवा. दोन्ही दिशांनी तोच स्वच्छ आवाज त्याच ठिकाणी आला तरच खणा. एका दिशेने बोलून दुसऱ्या दिशेला मौन धरणारा तुटक आवाज बहुधा गंजक्या खिळ्याचा असतो.

प्रश्न : दिवसअखेर पिशवी उलटी केली तेव्हा खिळे, पत्र्याचे तुकडे, पेयाच्या डब्यांच्या कड्या आणि चुरगळलेला चंदेरी कागद एवढेच निघाले. यंत्राला कचरा गाळायला सांगितला तर वेळ वाचणार नाही का?

उत्तर : वेळ वाचेल, पण अंगठीही वाचेल, म्हणजे जमिनीतच राहील. यंत्र धातू ओळखत नाही. परतून येणारा प्रतिसाद किती उशिराने येतो यावरून ते अंदाज बांधते, आणि तो उशीर धातूच्या वाहकतेबरोबरच वस्तूच्या आकारावर आणि जाडीवरही अवलंबून असतो. सोन्याची बारीक अंगठी आणि डब्याची ॲल्युमिनियमची कडी त्यामुळे यंत्राच्या आकड्यांत अगदी शेजारी बसतात. उलट मोठा, चपटा, गंजलेला लोखंडी तुकडा कधीकधी चांदीच्या थाटात खणखणीत बोलतो. लोखंड गाळायला हरकत नाही. त्यापुढची गाळणी मी स्वतः वापरत नाही. आणि निघालेला कचरा परत खड्ड्यात टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तीच कडी पुन्हा खणाल.

प्रश्न : एवढ्या खटाटोपात यंत्र नेमके किती खोल पाहते?

उत्तर : साधारण नाण्याएवढी वस्तू असेल आणि कॉइल नेहमीच्या आकाराची असेल, तर वीतभर धरून चाला, ओलसर आणि कमी लोहयुक्त जमिनीत थोडे अधिक. जमिनीत लोहखनिज जास्त असेल तर आधी यंत्र त्या मातीशी जुळवून घ्यावे लागते. धातू नसलेल्या जागेवर कॉइल वरखाली करून मातीचा स्वतःचा आवाज मावळेपर्यंत हे करावे. मोठी कॉइल खोल जाते, पण बारीक वस्तूंवरची तिची पकड सैल होते आणि शेजारशेजारच्या दोन वस्तू तिला एकच वाटतात.

प्रश्न : आमच्यापैकी एकाला एक जुने, हिरवट पडलेले नाणे मिळाले. त्याने ते तिथेच अंगठ्याने चोळून स्वच्छ केले. आता त्यावरची अक्षरे आधीपेक्षाही पुसट दिसतात. शिवाय त्याच खड्ड्यात आणखी दोन नाणी दिसली, तेव्हा अंधार पडत आल्याने आम्ही खड्डा झाकून परतलो. येत्या रविवारी मोठे फावडे घेऊन जावे, असा दोघांचा आग्रह आहे. काय करावे?

उत्तर : चोळण्याने झालेले नुकसान भरून येणार नाही. ओल्या मातीतले वाळूचे कण अंगठ्याखाली काचकागदासारखे घासतात. तांब्याच्या जुन्या नाण्यावर पुष्कळदा अक्षरे उरलेली असतात ती त्या हिरव्या थरातच; थर गेला की अक्षरेही गेली. दुसरे काही मिळाले तर माती लागलेल्या अवस्थेतच छोट्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर जागा, खोली व तारीख लिहा.

फावड्याला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. एका जागी तीन जुनी नाणी दिसणे म्हणजे खाली आणखी काही एकत्र ठेवलेले असण्याची शक्यता. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या हॉक्सन गावी एरिक लॉज हे गृहस्थ एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन निघाले आणि त्यांना रोमन काळातली नाणी व चांदीच्या वस्तू लागल्या. थोड्याच वस्तू वर काढून त्यांनी खणणे थांबवले आणि कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला साठा जागेवरूनच उचलला. सोन्याचांदीची आणि कांस्याची मिळून सुमारे 15 हजार नाणी निघाली. पण अभ्यासकांना नाण्यांइतकेच मोल होते ते वस्तू कशा रचून ठेवल्या होत्या, त्या कोणत्या पेटीत होत्या, याच्या खुणांना. त्या लाकडाचा बहुतेक भाग कुजलेला होता. फावड्याच्या एका घावात त्या खुणा संपल्या असत्या. बक्षिसाची रक्कम लॉज यांनी त्या शेतकऱ्याबरोबर वाटून घेतली.

तेव्हा खड्डा झाकलेलाच राहू द्या. जागेचे छायाचित्र घ्या, जमीनमालकाला आजच सांगा आणि त्याच्यासोबत तुमच्या भागातल्या पुरातत्त्व खात्याला किंवा प्रशासनाला कळवा; अशा वस्तूंवर मालकी कोणाची आणि त्या किती दिवसांत जाहीर करायच्या, हे प्रत्येक देशाचा कायदा वेगवेगळे ठरवतो आणि काही ठिकाणी न कळवणे हाच गुन्हा असतो. आपसांत वाटणीचे काय, हे चौघांनी रविवारआधी एका कागदावर लिहून घ्या. चोळलेले नाणेही दडवून न ठेवता त्या दोन नाण्यांच्या शेजारी दाखवा; ते कोणत्या खड्ड्यातले आहे हे सध्या तुम्हालाच ठाऊक आहे.

हॉक्सन येथला तो हातोडाही सापडला. तोही आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.