बंदरावरची वखार आणि बहिणीची सही

प्रश्न : वेंगुर्ले बंदराजवळ आमच्या आजोबांची वखार आहे. त्यांचे एकुलते वारस माझे वडील. तेही २०११ साली मृत्युपत्र न करता वारले. आता माझे दोघे भाऊ ती वखार हॉटेलसाठी ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देतायत. मिळकत पत्रिकेवर आईचं आणि त्या दोघांचंच नाव आहे. ‘तुझ्या लग्नात खर्च केला, आता हक्कसोडपत्रावर सही कर’ म्हणतात. आई गप्प आहे. मी काय करू?

उत्तर : ताई, आधी एकच सांगते, सही करू नका. नोंदलेलं हक्कसोडपत्र रद्द करून घेण्यात वर्षं जातात.

पत्रिकेवर नाव नाही म्हणून घाबरू नका. त्या नोंदीवरून मालकी ठरत नाही, आणि लग्नाच्या खर्चात वारसा वळता होत नाही. वखार वडिलांची स्वतंत्र मिळकत धरा की वडिलोपार्जित, तुम्हा चौघांना प्रत्येकी चौथा हिस्सा येतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलंय. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालेलं नसावं.

खरी अडचण वेगळी आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात हिस्सा घेतलेल्या परक्याला कायदा ताबा देत नाही. वखारीला ते संरक्षण नाही. भावांना तुमचा हिस्सा देता येणार नाही, पण स्वतःचा देता येतो, आणि तेवढ्यावर हॉटेलवाले आत येऊ शकतात. तुम्ही लिहिलंय, तुळईला तागडीचा लोखंडी आकडा अजून आहे, माळ्याच्या फळ्यांवर वडिलांनी खडूने मांडलेले हिशेब आहेत. काम निघालं की पहिला माळा उतरतो. कोर्ट नंतर पैसे देववेल, त्या फळ्या नाही.

म्हणून याच आठवड्यात वकिलामार्फत भावांना आणि हॉटेलवाल्यांना नोटीस द्या. वापरबदलाच्या परवानगीवर नगरपरिषदेत लेखी हरकत नोंदवून पोच घ्या. तरी ऐकलं नाही, तर वाटपाचा दावा लावून मनाई हुकूम मागा. मालमत्तेच्या वादात महिलांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे.

मात्र हॉटेललाच विरोध नको. बंद वखार पावसात कुजते, वापरातली टिकते. नोंदणीकृत भाडेपट्ट्यावर मालक म्हणून तुमचीही सही असू दे. अनामत आणि भाड्याचा चौथा हिस्सा थेट तुमच्या खात्यात यावा, चिऱ्याच्या भिंती नि तुळया हलवू नयेत, या अटी घाला.

आणि आईशी एकटीने बोला. चौथा हिस्सा तिचाही आहे. तिला हे कुणी सांगितलं असेल, असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.