आधी रंध्याचं बीड बघ

चिरंजीवास आशीर्वाद.

तू घ्यायच्या विचारात आहेस त्या जुन्या रंधा मशीनचे फोटो मिळाले. सात फोटो, त्यातले पाच मोटरचे! बाबा रे, मोटर जळली म्हणून रंधा नको म्हणतोस? म्हापशात कुठलाही वाइंडिंगवाला ती भरून देईल. फुटलेलं बीड, म्हणजे मशीनचा ओतीव लोखंडी सांगाडा, कोण भरून देणार?

1994 साली फोंड्याच्या बाजूला एका बंद पडलेल्या कारखान्यात मला 16 इंची वॅडकिन कंपनीचा रंधा मिळत होता. इंग्लंडातल्या लेस्टरचा, अस्सल. मोटर खाक, टेबलावर गंजाचा तांबडा थर. मी नाक मुरडलं. पंधरा दिवसांनी परत गेलो तर भंगारवाल्याने किलोवर उचलला होता. चौथऱ्यावर चार बोल्ट तेवढे उभे. त्या वर्षी चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधतानासुद्धा मला ते बोल्टच दिसत होते.

मग घाईघाईने दुसरा घेतला. हिरवागार रंग, बटण दाबताच गुरगुरणारी मोटर. पहिल्याच पावसाळ्यात रंग फुगला, खालून पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली टेबलापासून पायापर्यंत चीर. तो अजून पडवीत आहे. फणसाच्या, शिवणीच्या फळ्या त्यावर सरळ होतात. दर वेळी आधी टेबल जुळवावं लागतं, इतकंच. तुझी काकी म्हणते, विकून टाका. विकायचा तर चीर सांगावी लागेल, आणि सांगितली की भंगाराचाच भाव. शिवाय इतकी वर्षं चाललाच ना? चीर शाफ्टच्या घरात असती तर मीच घण घातला असता.

म्हणून सांगतो, बीड बघ. बेअरिंगच्या घराभोवती आणि पायांच्या कोपऱ्यांत डिझेल लाव, कोरडं पूस, वरून पांढरा खडू घास आणि थांब. चीर असली तर आत शिरलेलं डिझेल परत झिरपतं, खडूवर काळी रेघ उमटते. मालक तोंड वाकडं करील, करू दे. लहान हातोडीने हलकेच ठोक. धडधाकट बीड घंटेसारखं वाजतं, फुटकं मडक्यासारखं. रंग जिथे नवा आणि जाड, तिथे दोनदा ठोक.

गंजाची तक्रार तर करूच नकोस. गोव्यात राहतोस की राजस्थानात? डिझेल आणि पॉलिश पेपरने तो निघतो. जूनच्या आधी टेबलाला मेण चोळून ठेवायचं.

एका बाबतीत मात्र बीड कितीही चांगलं असो, परत फिर. पाती बसतात तो ठोकळा चौकोनी असेल तर रंधा फुकटसुद्धा नको. त्याच्या तोंडाशी फट मोठी राहते, बोटं आत ओढली जातात. हाताने फळी सरकवायच्या रंध्यांवर ब्रिटनने 1922 मध्येच गोल ठोकळा सक्तीचा केला.

मोटर थ्री फेजची आणि घरी सिंगल फेज आहे, हे तुझं रडगाणं चारदा वाचलं. मोटरच्या प्लेटवर 240/415 असे व्होल्टचे दोन आकडे असतील तर तारांची डेल्टा जोडणी करून व्हीएफडीवर, म्हणजे सिंगल फेजचं थ्री फेज करणाऱ्या डब्यावर, चालेल. नुसते 415 असतील तर दुसरी मोटर, पट्टा आणि पुली. संपलं.

रविवारी जाणार असशील तर माझी चार फुटी सरळपट्टी घेऊन जा, दाराच्या मागे टांगलेली आहे. दोन्ही टेबलांवर उभी-आडवी आणि कर्णात लावून बघ. आणि मोटरचा आणखी एक फोटो पाठवलास तर मी उघडणार नाही.